मारोतीची नवी कातडी

खैरटेक, ता. रामटेक
सोमवार, २४ मार्च २०२५

चि. माया,

आत्याचा आशीर्वाद. अवं पोरी, आपल्या टेकडीवरच्या धोंड्याच्या मारोतीनं शेंदराचं कवच सोडलं! माही सासू सांगे की तिच्या सासूच्या काळात एकदा सोडलं होतं. मी तं म्हणत होती, आपल्या नशिबात कुठचं.

शनिवारी भर दुपारी मी अंगणात तांदूळ पाखडून राहिली होती. माह्या कानाले आता काईच येत नाई, तुले ठाऊकच आहे. पण पायाखाली धम्म झालं, ते मले कळलं. वर पायते तं मारोतीबाबाच्या अंगावरचा अर्धा शेंदूर खाली! पिढ्यान् पिढ्यांचा थर, भाकरीच्या चवडीएवढा जाड. अन् आतून बाबाचं नवं अंग दिसून राहिलं, पिवळसर, ओलसर. माह्या डोळ्याले पाणी आलं, माय.

गावात दोन दिवस डफडं वाजून राहिलं आहे. तुहा आत्येभाऊ अंकुश यंदा कमिटीचा अध्यक्ष झाला. बारा एप्रिलले हनुमान जयंती. महाप्रसाद बाबाच्या पुढ्यातल्या पटांगणात, चुली आपल्या अंगणात. आपलं घर बाबाच्या पायाशी, मग दुसरीकडे कुठं मांडाव्या? अन् पहिल्या घागरीचा मान तं आपल्याच घराचा.

रुपरावच्या हाती कवचाचा तुकडा पाठवून राहिली. तो रोज भाजी घेऊन कॉटन मार्केटले येते, तुमच्या प्रताप नगरात आणून देईन म्हणाला. देव्हाऱ्यात ठेव. लहानूले, तुह्या बापाले, डोळ्याले लावाले दे. अंकुशच्या मोबाईलवर काई पाठवू नको, त्यातलं बारीक अक्षर मले वाचता येत नाई अन् तो पुरं सांगत नाई. चिठ्ठीच लिही.

तुही आत्या,
सिंधू

*

प्रताप नगर, नागपूर
२६ मार्च

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. तुकडा मिळाला. माझ्या बाबांनी डोळ्याला लावला. मी मात्र तो देव्हाऱ्यात ठेवला नाही, माझ्या टेबलावर आहे. रागावू नको, आधी पूर्ण वाच.

मारुतीचं कवच सुटतं तेव्हा शेंदूर गळतो, तेल गळतं, आतला दगड शाबूत राहतो. तू पाठवलेल्या तुकड्याच्या मागच्या बाजूला बोटभर जाड दगड चिकटून आला आहे. म्हणजे फक्त शेंदूर सुटला नाही, दगडानं स्वतःची साल सोडली. त्या दगडाला मी नख लावलं तर पांढरी भुकटी निघाली. जिभेला लावली तर चिकटली.

कॉलेजात मी पोरांना दगडच शिकवते, तेव्हा तुलाही थोडं शिकवू दे. दगड दिवसभर उन्हात फुगतो, रात्री आकसतो. वरचा थर जास्त फुगतो, आतला कमी, म्हणून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. भेगेत झाडाचं मूळ शिरलं की ते पाचरीसारखं फाकवत जातं. हे झालं बाहेरून तुटणं. आतून दगड सडतो, ते वेगळं. पावसाचं पाणी हवेतून आणि पाल्यातून किंचित आंबट होऊन येतं. तुमच्या टेकडीच्या दगडात जे गुलाबी, चकचकीत दाणे आहेत, त्यांची ते वर्षानुवर्षं माती करतं. पांढरी, मऊ माती. लोखंड असेल तर ते गंजतं, म्हणून तो पिवळसर रंग. तुला जे नवं अंग वाटलं ते सडलेलं अंग आहे, आत्या.

आता एक काम कर. बाबाच्या मागे, वरच्या अंगाला मोठी भेग आहे ना? तुझ्या पानाच्या डब्यातला चुना घे आणि भेगेवर आडवी रेघ ओढ, या काठावरून त्या काठावर. वाळू दे. रोज बघ. रेघ तडकली तर दगड हलतोय असं समज आणि त्याच दिवशी मला कळव.

तोवर घरातल्या सगळ्यांनी पुढच्या खोलीत झोपा, टेकडीकडच्या नको. अंकुशला ही चिठ्ठी दाखव.

तुझी,
माया

*

खैरटेक
शनिवार, २९ मार्च

चि. माया,

देवाची साल म्हणते अन् जिभेले लावून पायते! लहानपणी माती खायची तं मी तुह्या पाठीत धपाटा घालत होती, तो कमी पडला वाटते.

अंकुशले चिठ्ठी दाखवली. हासला. म्हणे, मायाताईले सगळीकडे दगडच दिसते. पण मी तुह्या शब्दाले मान देऊन चुन्याची रेघ ओढली, रुपरावची बायको सोबत होती. रेघ जशीच्या तशी आहे. काळजी करू नको.

अन् तुले एक सांगते, मंग तूच हात जोडशील. त्या भेगेत नवी सून पहिल्या वर्षी घागर ओतते, हे तुले ठाऊक आहे. खाली बाबाच्या पायाशी पाणी निघालं की नवस पावला. माह्या वेळेस मी घागर ओतली, टेकडी उतरली, हात जोडून उभी राहिली, तरी पाणी काई निघेना. सासू म्हणे, सून खोटी निघाली. किती रडली असन मी! अन् आता? कवच सुटलं म्हणून माह्या सुनेनं परवा पुन्हा घागर ओतली, पालथी करते न करते तं खाली धार. अन् ते पाणी पांढरं, दुधासारखं! बाबाच्या पायातून दूध येते, माया. लोक कुठून कुठून तीर्थ न्याले येऊन राहिले.

म्हणून कमिटीनं ठरवलं, जयंतीले अख्ख्या गावाच्या घागरी. पहिली माही. अन् मंग विहिरीवरच्या मोटरीचा पाईप थेट भेगेत लावून दिवसभर अभिषेक. अंकुशची कल्पना. पोरगं लय मेहनत घेऊन राहिलं, त्याले नाऊमेद करू नको.

तुही आत्या

*

नागपूर
३० मार्च, पाडवा

आत्या,

सणाच्या दिवशी असं लिहिणं माझ्या जिवावर येतंय.

ते दूध नाही. तो दगडाच्या आतला सडलेला भाग आहे, पाण्यात कालवून बाहेर येतोय. तुझ्या वेळी पाण्याला वाट काढायला वेळ लागला कारण तेव्हा दगड भरीव होता. आता पाणी लगेच निघतं कारण आत पोकळी झाली आहे. मारोतीचा एवढा प्रचंड धोंडा आज त्या पांढऱ्या मातीवर बसला आहे, आणि ओली माती साबणासारखी असते. तिच्यावर मोटरीनं दिवसभर पाणी सोडायचं, आणि समोर पटांगणात गाव जेवायला बसवायचं! नको गं आत्या, नको!

मी उद्या सकाळीच निघते. अंकुशशी मी स्वतः बोलते.

माया

*

खैरटेक
बुधवार, २ एप्रिल

चि. माया,

तू गेल्यापासून घरात चूल पेटते पण अंकुश वेगळा बसून जेवते.

काहून वं हातोडी काढली तू? नुसतं पायलं असतं, हात लावला असता, चाललं असतं. तू बाबाच्या अंगावर हातोडी हाणली अन् खाली अख्खी कमिटी उभी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाई म्हणतात, पण तुह्या हातोडीचा घाव गावानं नाई सोसला. तुले आवाज ऐकायचा होता म्हणे, भरीव का पोकळ. त्या लोकायले काय कळते ते? त्यायनं पायलं, नागपूरची बाई देवाले मारून राहिली.

अंकुश तुले काय बोलला ते मले ऐकू नाई आलं. पण त्याचं तोंड मी पाहात होती, अन् तुहंही. जयंती होईपर्यंत गावात पाय ठेवू नको, असंच म्हणाला ना? सुनेनं मंग मले लिहून दाखवलं. मी मधात पडाले पाहिजे होतं. नाई पडली. आपलेच दात अन् आपलेच ओठ, काय करू सांग.

तुहा डबा इथंच राहिला. रुपरावच्या हाती पाठवते, भाजणी भरली आहे.

आत्या

*

नागपूर
४ एप्रिल

आत्या,

हातोडी काढायला नको होती. चुकलं माझं. पण आवाज मी ऐकला. डाव्या अंगाला खणखणीत, मधे एकदम ढप्प, फुटक्या माठासारखा. आणि पिंपळाचं मूळ भेगेत माझ्या मांडीएवढं जाड झालंय.

तुझ्यापासून लपवणार नाही. मी काल सरकारी कचेरीत जाऊन अर्ज दिला. अभिषेक आणि पंगत थांबवा, असा. साहेबांनी वाचला, चहा पाजला, म्हणाले, देवाचं काम आहे मॅडम, आम्ही लगेच हात घालत नाही, पाहणीला माणूस पाठवू. कधी, ते सांगितलं नाही. अंकुशला फोन गेला तर त्याला वाटेल मी सूड घेतेय. वाटू दे. तो जिवंत राहून मला आयुष्यभर शिव्या देत बसला तरी चालेल.

चुन्याची रेघ कशी आहे? मी तिथे आले तेव्हा रेघ ओलसर, ताजी दिसली. तू पुन्हा ओढलीस का? खरं सांग.

माया

*

खैरटेक
सोमवार, ७ एप्रिल

माया,

अंकुशले कचेरीचा फोन आला होता. अंकुश तुह्या नावानं इतका बोलला की सुनेनं लेकरायले घेऊन बाजूच्या घरी नेलं. मंग माह्यापुढं उभा राहिला अन् एकेक शब्द सावकाश बोलला, मले ओठ वाचता यावे म्हणून. म्हणाला, आई, तुले मी पायजे का ती?

मले लय राग आला तुहा. अर्ज द्याच्या आधी मले इचारलं असतं तं तुहं काय गेलं असतं? गावात त्याले पहिल्यांदा कोणी अध्यक्ष केलं. त्याचा बाप गेल्यापासून त्या पोराकडे कोणी मान वर करून पायलं नव्हतं. अन् आता मामेबहिणीचा अर्ज! दोन दिवस मी तुह्याशी मनात भांडून राहिली.

आज पहाटे पुन्हा टेकडीवर गेली. अन् आता खरं सांगते.

रेघ दुसऱ्याच दिवशी तडकली होती. मी बोटानं चुना लावून बुजवली. पुन्हा तडकली, पुन्हा बुजवली. मले वाटे, चुनाच पातळ झाला असन. मले वाटे, जयंती एकदा पार पडू दे, मंग सांगू. आज पायली तं रेघेचे दोन तुकडे झाले आहेत अन् मधात माही करंगळी जाते.

माया, पंगतीत तिथं माहे नातवंडं बसतीन. अंकुश स्वतः खाली मोटरीपाशी उभा राहीन. त्याले सांगून पायलं, ऐकत नाई. म्हणते, तुले तिनं भरवलं. मी एकटी म्हातारी, बहिरी. काय करू ते लिही. मोठमोठं लिहू नको, करता येईन असं लिही.

आत्या

*

नागपूर
८ एप्रिल

आत्या,

रडत लिहितेय, अक्षर समजून घे. रेघ बुजवल्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. भेगेत करंगळी जाते म्हणजे आता वेळ उरलेला नाही.

तीनच गोष्टी. भेगेत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नको. बाबाच्या पुढ्यात कोणाला बसू देऊ नको, पंगत शाळेच्या मैदानात घ्या. घर रिकामं करा. पिंपळ मात्र कोणाला तोडू देऊ नको, आता त्याच्याच मुळानं धोंडा आवळून धरला असेल.

कसं करायचं ते मला माहीत नाही. माझं शास्त्र तिथे कोणी ऐकत नाही. तुझं काय ऐकतील ते तूच जाणतेस. कचेरीत मी रोज जातेय. उद्याही जाईन.

माया

*

खैरटेक
गुरुवार, १० एप्रिल

चि. माया,

ही चिठ्ठी वाचून फाडून टाक. लहानूलेही दाखवू नको.

माह्या अंगात कधी आलं नाई. सासूच्या येत होतं, मले त्याचं भय वाटे. काल सांजच्या आरतीले सगळं गाव बाबापुढं जमलं. पहिल्या घागरीची मानकरीण म्हणून मी समोर उभी होती. मी केस सोडले, माया. या वयात, सुनेपुढं. अन् घुमली. सासू घुमायची तशी.

म्हटलं, माही कातडी नवी आहे. ओली आहे. सव्वा महिना मले पाणी नको, हात नको, माह्या नजरेसमोर पान मांडू नका, चूल पेटवू नका. माह्या पायाशी जे घर आहे ते खाली करा. जो ऐकणार नाई त्याचं मी पायणार नाई.

आपला आवाज मले ऐकू येत नाई, किती मोठ्यानं बोलली कोण जाणे. पण डफडेवाल्याचे हात थांबले. म्हाताऱ्या बाया पुढं आल्या, माह्या पायावर पाणी घातलं. एक म्हणे, बाळंतिणीले सव्वा महिना उजेडवाऱ्यापासून जपतो, देवाले नको काय? रुपराव म्हणे, पंगत शाळेत. सगळ्यायनं मान हालवली.

अंकुश तेवढा हालला नाई. त्यानं माह्या डोळ्यात पायलं अन् त्याले समजलं. लेकरू आहे माहं, त्याले नाई समजणार तं कोणाले? पण गावापुढं आईले खोटी म्हणता येईना त्याले. रात्री सामान शाळेच्या खोलीत हालवलं. त्यानं सगळ्यायचं उचललं, माही पेटी नाई उचलली.

माया, मी देवाच्या तोंडून खोटं बोलली. नवऱ्याशी नाई बोलली कधी, अन् देवाच्या नावानं बोलली. जेवण जात नाई मले. तुहा दगड पडला नाई तं मी गावात खोटी, अन् पडला तं बाबाचं देऊळ माह्या तोंडानं मोडलं. दोन्हीकडून मीच मेली.

आत्या

*

नागपूर
१४ एप्रिल

प्रिय आत्या,

जयंती शाळेच्या मैदानात पार पडली, हे रुपराव सांगून गेले. ऐकल्यावर मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

तुझी चिठ्ठी कोणाला दाखवली नाही. मी दगड शिकवते, पाप-पुण्य मला तुझ्याइतकं कळत नाही.

धोंडा पडला नाही, म्हणून आता लोक कुजबुजू लागतील. तू डगमगू नको. कधी पडेल ते कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. इथे ऊन इतकं वाढलंय की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. रात्री जरा गार होतं. दगडाचं फुगणं-आकसणं रोज चालू आहे. आज भीम जयंतीची सुट्टी, कचेरी बंद. पाहणीचा माणूस पुढच्या आठवड्यात नक्की येणार, असं लेखी घेतलंय.

अंकुश बोलतो का तुझ्याशी?

माया

*

खैरटेक, शाळेची खोली
सोमवार, २१ एप्रिल

चि. माया,

आशीर्वाद. 

अंकुश नाई बोलला. जयंतीनंतर कमिटीतले पोट्टे त्याले चिडवून राहिले होते, म्हातारीनं अध्यक्षाले गुंडाळलं म्हणून. शनिवारी सकाळी सुनेनं माह्या हातावर बोटानं लिहिलं, पाईप. त्यानं गुपचूप वर जाऊन पाईप भेगेत बसवला होता. दुपारी गाव झोपलं की मोटर सुरू करणार, खाली उभा राहून दूध काढून दाखवणार, अन् आईचं खोटं सगळ्यायले दिसन.

मी कोणाले काई म्हटलं नाई. विहिरीवर गेली, मोटरीच्या पेटीतला फ्यूज काढला अन् पदराच्या गाठीत बांधून शाळेत येऊन बसली. मले तेवढंच सुचलं.

ऊन डोक्यावर आलं तसा तो आला. मोटर सुरू होईना, म्हणून समजला असन. दारात उभा राहून त्यानं तोंड उघडलं. काय काय बोलला! मले एक शब्द नाई आला, पण मी समदं पायलं. त्याच्या गळ्याच्या शिरा पायल्या. बापाचं नाव घेतलं ते पायलं. फ्यूज दे म्हणून हात पुढं केला. मी गाठ घट्ट धरून बसली. म्हटलं, मार मले, पण नाई देत.

तेवढ्यात माह्या पायाखाली धम्म झालं.

शेंदूर गळला त्या दिवशी झालं होतं तसं नाई. फरशी हालली, फळ्यावरचा खडू खाली पडला. मी अंकुशच्या तोंडाकडे पाहात होती. शब्द अर्धाच राहिला अन् तोंड उघडंच. मंग त्यानं मागं वळून पायलं.

आपलं घर नाई आता. बाबा घरातून आरपार गेला अन् विहिरीशी जाऊन थांबला. मोटर होती नेमकी त्याच जागेवर. पाण्याचा थेंब नव्हता, माया, वारा नव्हता, नुसतं ऊन. चुली मांडणार होतो तिथं आता मातीचा ढीग आहे, पांढरा, पिठासारखा. सव्वा महिन्याच्या धाकानं तिथं कोणी नव्हतं. एक शेळीसुद्धा नव्हती. एकजण तिथं असणार होता, तो माह्यापुढं उभा राहून मले शिव्या देत होता.

अंकुश खाली बसला अन् माह्या मांडीत तोंड खुपसून रडला. आवाज मले येत नाई, पण मांडीले कळत होता.

तुले बोलावलं आहे त्यानं. म्हणे, मायाताईले म्हणा, हातोडी घेऊन ये. टेकडीवर अजून दोन धोंडे आहेत, तेही ठोकून पायाचे आहेत. स्वतः रामटेकच्या स्टँडवर घ्याले येतो म्हणे. पाहणीचा माणूस काल आला होता. फोटो काढून गेला.

गाव आता माह्या पाया पडाले येऊन राहिलं. मी पाय ओढून घेते. अंकुशनं काल माह्यासमोर बसून, सावकाश ओठ हालवून इचारलं, आई, खरंच बाबा बोलला होता का? मी म्हटलं, मले कुठं ऐकू येते.

पण तुले सांगते. मी त्याच्या नावानं खोटं बोलली. मले शिक्षा द्याचं त्याच्या मनात असतं तं त्या आरतीलेच पडला असता, समदं गाव पुढ्यात होतं तेव्हा, नाई तं शनिवारी सकाळी, पोरगं वर पाईप बसवत होतं तेव्हा. तू म्हणशीन दगड आहे, भेग होती, मूळ होतं, ऊन होतं. असन. तुहं समदं खरं निघालं, मी नाई म्हणत नाई.

पण थांबला ना वं तो?

तुही आत्या,
सिंधू